महिला सभेच्या पानावरची माझी सही

चौकीत किती पोलीस आहेत हे गावात सगळ्यांत आधी मला कळतं, कारण त्यांच्या भाकरी मी थापते. मी डबे द्यायला लागले तेव्हा पाच डबे जात होते. मग एकाची बदली झाली, त्याच्या जागी कोणी आलं नाही. एक निवृत्त झाले, त्यांच्याही जागी कोणी आलं नाही. एकाला वरच्या ठाण्यात कामाला घेतलं, तो फक्त नावाला आमच्या चौकीचा राहिला. असं होत होत दोन डबे उरले. एक हवालदारांचा. त्यांना साखरेचा आजार, त्यामुळं भात चालत नाही. दुसरा मॅडमचा, म्हणजे चौकीतल्या महिला पोलिसाचा.

आमचं गाव बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे, लासुर्ण्याच्या अलीकडं. गावाच्या तोंडाशी फाटा आहे आणि फाट्यावरून एक रस्ता कारखान्याकडं जातो. चौकी फाट्यापासून हाकेच्या अंतरावर, दोन खोल्यांची. आजूबाजूची बरीच गावं तिच्याखाली येतात.

डबे मी हौसेनं सुरू केले नाहीत. चार वर्षांपूर्वी माझे मालक दिवेलागणीला डेअरीत दूध घालून गाडीवरून घरी येत होते. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागं दिवा नाही, लाल पट्टी नाही, आणि त्या वेळेला ऊस आणि रस्ता एकाच रंगाचे दिसतात. ते सरळ तिच्यावर जाऊन आदळले. जीव वाचला, पण उजवा पाय गुडघ्यात वाकायचा बंद झाला. रानातलं काम पहिल्यासारखं होईना, तेव्हा मी चौकीचे डबे घेतले.

मी चौथीपर्यंत शिकले. लिहायला वाचायला येतं, पण चार माणसांत बोलायला येत नाही. शाळेत गुरुजींनी उभं केलं की उत्तर यायचं आणि आवाज यायचा नाही. डबे ठेवायला जायची वेळसुद्धा मी अशी धरायची की पायरीवर कोणी नसेल. डबे ठेवायचे, रिकामे उचलायचे, परत फिरायचं. दोन वर्षं हवालदारांनी माझा आवाज ऐकला नव्हता.

मग एका पोलिसाच्या बदली मॅडम आल्या आणि ते बदललं. त्यांचं माहेर कऱ्हाटी, आता राहणं बारामतीत. घरी सासूबाई आणि पहिलीतली मुलगी. रोज स्कुटीवरून ये-जा करायच्या. त्यांचा डबा धुऊन परत यायचा. आतापर्यंत एकाही पोलिसानं डबा धुतला नव्हता. डब्याच्या पिशवीत त्या जुने पेपर घालून पाठवायच्या, भाकरी गुंडाळायला. मी ते आधी वाचायची आणि मग गुंडाळायची. एकदा त्या पायरीवरच बसल्या होत्या. म्हणाल्या, “ताई, काल भाकरी फडक्यात आली. पेपर वाचून व्हायचा होता का?” मला इतकं हसू आलं की उत्तर द्यावंच लागलं.

मग कधी कधी घरी जाताना त्या आमच्या दारात स्कुटी थांबवून पाणी प्यायच्या. सासूबाईंना अंधार पडला की नीट दिसत नाही, म्हणून घरी पोचायची घाई असायची. एकदा तांब्या हातात धरून म्हणाल्या, “बाकी कशाची काळजी न्हाय ताई. उद्या लांब बदली झाली तर पोरीला कुठं ठेवू, एवढंच मला सुचत न्हाय.” ते माझ्या डोक्यात राहिलं.

ऊसतोड सुरू झाली की मॅडम दुपारनंतर फाट्यावर उभ्या राहायच्या. स्कुटीच्या डिकीत लाल चमकणाऱ्या कागदाची गुंडाळी असायची. ज्या ट्रॉलीला मागं पट्टी नसेल तिला थांबवायच्या, आपल्यासमोर कागद चिकटवून घ्यायच्या आणि मगच सोडायच्या. दुसऱ्यांदा तीच ट्रॉली बिनपट्टीची सापडली की मशीनवर पावती. ट्रॉल्यांबरोबर दुचाकी गाड्याही थांबवल्या जायच्या. हेल्मेट नाही, लायसन घरी राहिलं, एका गाडीवर तिघं. पहिले आठ दिवस गावाला बरं वाटलं, कारण परगावचे लोक अडकत होते. मग गावातल्या लोकांना पावत्या व्हायला लागल्या.

आमच्या मालकांनाही झाली. डेअरीला जाताना डोक्याला टॉवेल होता. घरी येऊन खाटेवर बसले आणि म्हणाले, “आपल्या चुलीची भाकरी खाती आन आपल्यालाच पावती फाडती.” मी आत पीठ मळत होते, मला हसू आवरेना. “हस, हस,” ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी बारामतीला जाऊन हेल्मेट घेऊन आले.

त्याच थंडीत विहिरींवरच्या केबली चोरीला जायला लागल्या. चोर केबल कापून नेतात, जाळतात आणि आतलं तांबं विकतात. गव्हाला पाणी द्यायची वेळ आणि मोटार मुकी. आमच्या गावात ज्यांना सगळे तात्या म्हणतात त्यांची केबल एका महिन्यात दोनदा गेली. दुसऱ्या वेळी ते चौकीला गेले तर चौकीला कुलूप. हवालदार इंदापूरला बंदोबस्ताला आणि मॅडम फाट्यावर. त्यात तात्यांच्याच ट्रॉलीला आदल्या दिवशी पावती झाली होती. तात्यांचा राग खोटा नव्हता. त्यांचा गहू मी पाहिला होता, पिवळा पडलेला.

मी दळण घेऊन गिरणीत बसले होते. गिरणीच्या दारातच माणसं उभी राहून बोलत होती.

“चोर विहिरीवर आन पोलीस फाट्यावर,” तात्या म्हणाले.

“तात्या, तुमची ट्रॉली धरली म्हणून पोटात दुखतंय व्हय?” गिरणीवाल्यानं आतूनच विचारलं.

“ट्रॉलीचं सोड. चौकीला कुलूप हुतं. कुलपाला सांगू का माझी केबल गेली म्हणून?”

“दोनच मानसं हायत तितं.”

“हायत ना दोन? मग ती विहिरीकडं फिरवा. बाईमानसाला रानात गस्तीला धाडता येत न्हाय, म्हणून उभी केलीया फाट्यावर. तिला बदला आन गडी द्या. लिहूनच देऊ आपण.”

मॅडम गस्तीला जात होत्या हे मला माहीत होतं. हवालदारांचे गुडघे दुखतात म्हणून बऱ्याचदा त्याच जायच्या. त्या दिवशी त्या मला सकाळीच सांगायच्या, दोन भाकरी जास्त घाला, आज घरी जाणं नाही. हे सांगावं असं मनात आलं. पण मी पाटीवरचं फडकं नीट केलं आणि नंबर आल्यावर दळण टाकलं.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी ग्रामपंचायतीचे शिपाईमामा रजिस्टर घेऊन आमच्या दारात आले. आमच्याकडं ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा व्हावी लागते. ती अशीच होते. मामा सायकलवरून घरोघर फिरतात आणि बाया जिथं असतील तिथं सही करतात. गोठ्यात असली तर गोठ्यात, नळावर असली तर नळावर. पानाचा वरचा भाग कोरा असतो. तिथं काय लिहायचं ते नंतर लिहितात.

“वैनी, एक सही.”

“कशाची, मामा?”

“महिला सभेची. पुढच्या आठवड्यात ग्रामसभा हाय. त्या आधी बायांची झाली पायजे.”

“कवा हाय?”

“ही काय, चालूच हाय की.”

तव्यावर भाकरी होती. मालक खाटेवरून म्हणाले, “दे करून. त्याला पुढची घरं हायत.” मी पिठाच्या हातानंच पेन धरला आणि सही केली. माझ्या अंगठ्याचा पांढरा ठसा पानावर उमटला. मामांनी फुंकर मारली, पण तो गेला नाही. तेवढ्यात भाकरी करपल्याचा वास आला आणि मी आत पळाले.

तीन दिवसांनी डबे घेऊन गेले तेव्हा मॅडम पायरीवर बसल्या होत्या. मी पिशवी ठेवली. त्या म्हणाल्या, “ताई, उद्यापास्नं माझा डबा नको.”

मला वाटलं भाजीत काही निघालं. “काय चुकलं का?”

त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. ठाण्यातून साहेबांनी पाठवलेला फोटो होता, रजिस्टरच्या पानाचा. वरच्या कोऱ्या जागेत आता अक्षर होतं. मी सावकाश वाचलं. फाट्यावरील वाहन तपासणीमुळे महिलांना त्रास होत आहे, सबब सदर महिला पोलीस कर्मचाऱ्यांची बदली करावी आणि चोऱ्या रोखण्यासाठी पुरुष कर्मचारी द्यावेत, असे गावातील सर्व महिलांचे मत आहे. खाली सह्या आणि अंगठे. चौथी सही माझी, शेजारी पिठाचा ठसा.

“माझीच हाय,” मी म्हणाले.

“व्हय. दिसलं मला.” त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “साहेब म्हणाले, ग्रामसभेनं हा ठराव कायम केला की वर पाठवावाच लागंल. गड्यांनी दिला असता तर बघितलं असतं, पण बायांनीच लिहून दिलंय म्हटल्यावर काय बोलायचं? जुन्नरकडं न्हायतर आणखी कुठं टाकतील. बघू.”

मी ते वाचलं नव्हतं, हे मला त्यांना सांगता आलं नाही. भाकरी गुंडाळायचा कागद मी वाचल्याशिवाय वापरत नाही आणि जिथं सही केली तो कागद कोरा होता. हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

दुसऱ्या दिवशी एकच डबा भरला. मालकांनी दुसरा डबा फळीवर पालथा पाहिला आणि विचारलं. मी सांगितलं. मग मी विचारलं, “तुमाला ठावं हुतं का?”

ते बराच वेळ पाय चोळत राहिले. “तात्या कायतरी लिहून देणार हायत एवढं ठावं हुतं. बायांच्या नावावर देतील हे न्हवतं ठावं.”

“मग करून दे कशापायी म्हनालात?”

“सवय,” ते म्हणाले.

मी शेजारच्या आजींकडं गेले. त्यांनी अंगठा दिला होता. त्या म्हणाल्या, “मला वाटलं रेशनचं हाय.” त्यांच्या सुनेला वाटलं होतं नळाच्या पाण्याचं आहे. पलीकडच्या गल्लीत एकीनं सांगितलं की मामा म्हणाले सही कर, म्हणून केली. त्रास होतो असं एकीनंही कुठं म्हटलेलं नव्हतं. उलट आजींच्या सुनेचा नवरा त्या फाट्यावरूनच दूध घेऊन जातो. ती म्हणाली, “आता ट्रॉल्या लांबनं चमकतात. तेवढा तरी जिवाला घोर कमी हाय.”

रजिस्टरवरची माझी सही खोडा, असं सांगायला मी मामांना वाटेत गाठलं. ते सायकलवरून उतरलेही नाहीत. “वैनी, लिहिलं ते लिहिलं. काय आसंल ते सभेत बोला.” जणू सभेत बोलणं म्हणजे दुकानातून मीठ आणण्याइतकं सोपं.

ग्रामसभा मारुतीच्या देवळापुढच्या मांडवात सकाळी होती. पुरुष सतरंजीवर. माझ्या मालकांना पायामुळं खुर्ची दिली होती. बाया मागं भिंतीला, आम्ही सहाजणी. मी आजींना बरोबर घेऊन गेले होते आणि दोघींमध्ये ठरलं होतं की मी उभं राहायचं आणि बोलायचं. चार दिवस मी चुलीपुढं ते वाक्य म्हणत होते.

ग्रामसेवकांना आमच्याकडं भाऊसाहेब म्हणतात. त्यांनी विषय वाचला. तात्या उठले, केबलीचं सांगितलं, कुलपाचं सांगितलं. ते खरंच होतं, माणसं माना हलवत होती. शेवटी म्हणाले, “आन आमी म्हणत न्हाय, गावच्या बायाच म्हणतात.” सरपंच वयानं मोठे आहेत, सगळे त्यांना आबा म्हणतात. आबांनी विचारलं, “कुणाचं काय म्हणनं हाय का? न्हाय ना? मग कायम करा.”

मी खांबाला धरून उभी राहिले. तोंड उघडलं. आवाज नाही. चौथीच्या वर्गात व्हायचं तसंच झालं. भाऊसाहेब पुढचा विषय वाचायला लागले, सौर दिव्यांचा. मी उभीच.

तेव्हा आजी खालूनच म्हणाल्या, “भाऊसाहेब, ही उभी हाय. दिसती का तुमाला?”

सगळ्या माना वळल्या. मी समोरच्या घंटेकडं बघून म्हणाले, “त्या कागदावर माझी सही हाय. पन मी ते वाचलं न्हवतं. वर कायच लिहिलेलं न्हवतं. माझी सही काढा त्यातनं.”

“सही काढता येत नाही वहिनी,” भाऊसाहेब म्हणाले. “फार तर ठराव बदलता येतो.”

“मग बदला.”

“काय बदलायचं?” तात्यांनी विचारलं. ते चिडले नव्हते, खरंच विचारत होते.

एवढं पुढचं मी ठरवलंच नव्हतं. मग मला जे रोज हाताखालून जातं तेच तोंडातून आलं. “चौकीला माझ्या घरनं आधी पाच डबे जायचे. आता दोन जातात. एकजण फाट्यावर आन एक बंदोबस्ताला गेल्यावर कुलूपच दिसनार. ती बाई गेली तर एकच डबा राहील. मग फाट्यावर बी कोनी न्हाय आन विहिरीवर बी कोनी न्हाय. ती गस्तीला जाती, त्या दिवशी दोन भाकरी जास्त न्हेती. बदली मागू नका. मानसं मागा.”

कोणी तरी म्हणालं, “डबे मोजून पोलीस मोजले की वैनींनी.” हसू उठलं, पण ते माझ्यावर नव्हतं.

“माझा अंगठा बी काढा,” आजी म्हणाल्या. “मला रेशनचं सांगितलं.”

“आजी, मी रेशनचं न्हवतो म्हनालो,” शिपाईमामा मागून म्हणाले.

“कशाचं म्हनाला हुतास मग?”

मामा सतरंजीचं टोक सरळ करायला लागले.

तात्या आमच्या मालकांकडं वळले. “काय रं, बायकोला घरी शिकवून आणलंस व्हय?”

“मला पावती झाली तवा ती आत बसून हसत हुती, तात्या,” मालक म्हणाले. “मी काय शिकवतोय तिला? आन माझा पाय कशानं गेला ते तुमाला ठावं हाय.”

मग तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “मानसं वाढवून देत असतील तर माझं कायबी म्हणनं न्हाय. पन केबलीचं लिहा त्यात. ते सोडू नका.”

भाऊसाहेबांनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. मी म्हणाले, “परत एकदा वाचा.” त्यांनी परत वाचलं. चौकीच्या रिकाम्या जागा भराव्यात. फाट्यावरची तपासणी हंगामात दुपारनंतर चालू राहावी. विहिरींच्या बाजूला गस्त वाढवावी. बदलीचा शब्द कुठं नव्हता. सूचक म्हणून माझं नाव गेलं, अनुमोदक आजींचं. आजींनी अंगठा द्यायच्या आधी विचारलं, “आता हे कशाचं हाय?” आणि भाऊसाहेबांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं.

घरी जाताना मालक काठी टेकत मागून येत होते. म्हणाले, “घसा बसला का?” मी म्हणाले, “न्हाय.” बस, एवढंच आमचं बोलणं झालं.

दुसऱ्या दिवशी डबा करावा की न करावा हे मला कळेना. मॅडमनी नको म्हटलं होतं आणि करा असं कोणी म्हटलं नव्हतं. मी दोन डबे भरले, पायरीवर ठेवले आणि कोणी बाहेर यायच्या आत परत फिरले. संध्याकाळी पिशवी आणायला गेले तेव्हा त्यात दोन डबे होते. एक खरकटा. एक धुतलेला, आणि त्याच्याखाली घडी घातलेला जुना पेपर.

त्या सभेबद्दल मॅडम माझ्याशी कधी बोलल्या नाहीत, मीही नाही. ठरावाला वरून उत्तर आलं की मनुष्यबळ उपलब्ध होताच विचार केला जाईल. भाऊसाहेबांनी ते फळ्यावर लावलं. केबल त्यानंतर एकदा गेली, तात्यांची नाही, दुसऱ्यांची. तात्यांच्या ट्रॉलीला आता लाल पट्टी आहे, जरा तिरकी चिकटवलेली, पण लांबून दिसते. शिपाईमामा रजिस्टर घेऊन आले की मी हात पुसते, त्यांना खुर्ची देते, चहा ठेवते आणि वर काय लिहिलंय ते आधी विचारते. कोरं असेल तर म्हणते, लिहून आणा, मग करते. “एका घरात अर्धा तास,” ते कुरकुरतात. आजींकडं त्यांना याहून जास्त वेळ लागतो.

मॅडमची बदली कधीतरी होईलच, पोलिसांची होतेच. मुलगी तोवर मोठी झालेली असेल, निदान दुसरीत तरी गेलेली असेल. माझ्या सहीनं बदली झाली नाही, तेवढ्यावर मला झोप लागते.

गेल्या सोमवारी मॅडम संध्याकाळी दारात थांबल्या. पाणी प्यायल्या, तांब्या उंबऱ्यावर ठेवला. “ताई, उद्यापास्नं तीन डबे करा,” त्या म्हणाल्या. “हंगाम संपंस्तोवर एक होमगार्ड दिलाय. विहिरीकडं जाईल तो.”

“भाकरी किती लागतील?”

“चार तरी. आन भाजी जरा कमी तिखट करा. भिगवणचा हाय, मासं खाऊन वाढलेला, पन तिखट सोसत न्हाय म्हणतोय.”

मी फळीवरचा तिसरा डबा काढला. बरेच दिवस वापरात नव्हता, झाकण घट्ट बसलं होतं. मालकांनी ते पिळून उघडून दिलं.